सुपारी आणि डिस्क

रत्नागिरी, शनिवार, १२ मार्च १९८८

अजून डोक्यातून जात नाहीये. ऑफिसात कॉम्प्युटर दोन, दोन्हींना जोडलेली डिस्क एकच. म्हणून नियम होता, जिच्या टेबलावर सुपारी, तिनेच डिस्कवर लिहायचं. मंगळवारी हेडक्लार्ककाकांनी ती सुपारीच कातरून खाल्ली! शेजारच्या मशीनवरच्या सुलभाला वाटलं माझं झालं, मला वाटलं तिचं. दोघींनी एकदम लिहिलं आणि बागायतदारांची अख्खी यादी गेली.

आज इंजिनियरने नवी व्यवस्था बसवली. मी लिहीत होते तोवर सुलभाचं मशीन गप्प थांबलं. मग त्याने माझ्या मशीनची वायरच उपटली. तरी सुलभाचं थांबलेलंच! "तुमचं खरंच बंद पडलंय याची खात्री करून घेतंय," तो म्हणाला. खात्री झाली, तेव्हाच तिच्या मशीनने डिस्कला हात लावला.

सुपारी कशाला हवी होती? आम्ही दोघी हातभर अंतरावर बसतो. "तुझं झालं का गो?" एवढंच विचारायचं होतं.