अडतीस नॅनोमीटर

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन पाच महिने झाले. एकतीस वर्षं किसुमूच्या एकाच शाळेत प्रयोगशाळा सहायक. त्या काळात शाळेला विज्ञान प्रदर्शनाच्या अकरा ढाली मिळाल्या. अकराही ढालींवर केमिस्ट्रीच्या शिक्षकांची नावं. उपकरणं कुणी बनवली? हबिल ओगुटूने. दर शनिवारी ढाली पुसल्या कुणी? त्यानेच. शिक्षकांना सगळी शाळा म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणायची. मला नुसतं ओगुटू.

संकल्प १: वर्षअखेरीच्या आत माझं नाव सरकारी छापील कागदावर. शोधक म्हणून.

संकल्प २: चहात साखर एकच चमचा.

सकाळी ९.००

दोन चमचे. विचार करायला साखर लागते.

५ मार्च, बुधवार

शोध लागला! चिखल न चिकटणारं बूट-पॉलिश. आमच्या काळ्या मातीत एप्रिल महिन्यात चर्चला निघालेला माणूस पोचेपर्यंत चार इंच उंच होतो. दुसरा कुणी यावर काही करत नाही.

कृती: सरोवरातली जलपर्णी वाळवायची, जाळायची, कोळसा वाटायचा, मधमाशांच्या मेणात घोटायचा. खरी मेख वाटण्यात आहे. जळक्या देठाचा तुकडा पाच मिलिमीटर. दर तासाला वाटून निम्मा होतो. कागदावर भागत गेलो. सतरा तासांनी अडतीस नॅनोमीटर! परदेशात यासाठी कोट्यवधींची यंत्रं लावतात. आमच्याकडे पाटा आहे.

मी तास मोजणार, बायको सिप्रोसा वाटणार. तिने विचारलं, सतरा तास मी पाट्यावर बसले तर मक्याच्या पिठाची उगाली कोण ढवळणार? तुमचं पेटंट? थोरांच्या बायकांचा इतिहास सगळीकडे सारखाच आहे.

१० मार्च, सोमवार

सिप्रोसाने भुकटीचा डबा दिला. सतरा तास पूर्ण, म्हणाली. माझं मोजणं मधल्या मधल्या झोपेमुळे थोडं सुटलं होतं, पण तिने मोजलेत. हात दुखले नाहीत का विचारलं. म्हणाली, देवाची कृपा. त्यातच गिरणीत जाऊन मकाही दळून आणला. बाई कामाची आहे.

जेवताना उगाली जरा करडी वाटली. मका जुना असणार.

१३ मार्च, गुरुवार

शाळेत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली भुकटी पाहिली. नवीन सहायकाने दहा मिनिटं दिली, वर घड्याळ बघत उभा राहिला. मला गोळे दिसले. बटाट्याएवढे. भिंगावर धूळ असणार. माझ्यामागे भिंगं पुसतो कोण! खरं नॅनो या सूक्ष्मदर्शकाला दिसूच शकत नाही. म्हणजे जे दिसलं नाही, ते आहे. सिद्ध झालं.

२२ मार्च, शनिवार

जाहीर चाचणी. मामेभावाच्या सासऱ्यांची अंत्ययात्रा, अंगणात घोटाभर चिखल, आलेली माणसं तीनशे. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे मिळणार? बस स्टँडजवळचा बूट-पॉलिशवाला तोबियास पेटी घेऊन सोबत आला. चाळीस जणांच्या फक्त डाव्या बुटाला पॉलिश लावलं. उजवा तुलनेसाठी कोरडा ठेवला. विज्ञान असंच करतात.

निकाल: चाळीसपैकी एकतीस डावे बूट बऱ्यापैकी स्वच्छ.

तक्रार: मयताच्या मुलाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, माझ्या बापाने तुमचं काय घोडं मारलं होतं? फोटोत सगळं घराणं एकाच पायाने चमकतंय! मी त्याला तुलनेचं महत्त्व समजावलं. जेवणात मला माशाचं फक्त शेपूट मिळालं.

२५ मार्च, मंगळवार

सरकारी सेवा केंद्र. खिडकी ७, पेटंट. खिडकीत कोण? क्विंटर अडोयो. माझ्याच शाळेची. दोन ब्युरेट फोडल्या होत्या, आणि एकदा पुस्तकात पाहून रीडिंग ठोकून दिलं होतं. मी तो प्रयोग तिच्याकडून चारदा करून घेतला. आता चष्मा लावून बसलीय. मला ओळखलं नाही. आजोबा, रांगेत या, म्हणाली. मी साठ वर्षांचा आहे!

शपथपत्र करून दिलं: 'यातला प्रत्येक कण अडतीस नॅनोमीटरचा आहे.' तिने विचारलं, अडतीसच का? गणित दाखवलं. तिने विचारलं, पाहिलेत का कण? मी म्हटलं, मुली, पृथ्वी फिरताना तरी कुणी पाहिली आहे? तिने शिक्का मारला. जिंकलो.

१४ एप्रिल, सोमवार

'नॅनो-ओगुटू' तोबियासकडे विक्रीला. डब्यांवर मी स्वतः लिहितो. तोबियास म्हणतो, गिऱ्हाइकं विचारतात नॅनो म्हणजे काय, मी सांगतो, डबी लहान आणि ऐट मोठी. त्याला शास्त्र समजावायला घेतलं. अर्ध्यातच त्याला गिऱ्हाईक आलं.

काल चर्चमध्ये मागच्या तीन बाकांवरचे बूट आमचे. पाद्रीबुवांचे नव्हते. मत्सर.

साखर: तीन चमचे. यशाचे दिवस आहेत.

९ जून, सोमवार

कट शिजतोय. बाजाराच्या फाटकावर सरकारी नोटीस: ज्या मालावर 'नॅनो' लिहिलं असेल त्याची नव्वद दिवस मासे आणि उंदीर यांच्यावर सुरक्षा चाचणी करून घ्यावी, तोवर विक्री बंद. कागदपत्रं खिडकी ९ वर.

उंदीर बूट घालतात का? मासे घालतात का? तोबियास म्हणाला, साहेब, उंदीर माझ्या घरात आहेत, मासे सरोवरात आहेत, करून टाका सुरू. मूर्खाला चाचणीचा खर्च ठाऊक नाही. मी विचारून आलोय. त्या रकमेत मी प्रत्येक उंदराला बूट शिवून देईन.

झुकणार नाही.

१२ जून, गुरुवार

मार्ग सापडला. खिडकी ९ वर दुसरं शपथपत्र: 'या पॉलिशमध्ये नॅनो असं काहीही नाही. साधी चुलीतल्यासारखी राख आहे. साखरेच्या दाण्याहून फार लहान काही नाही. देवाशपथ.' दुसरा कोट आणि मेहुण्याची हॅट घालून गेलो. तिथला गृहस्थ नवखा होता, लगेच परवानगी दिली. क्विंटर दोन खिडक्या पलीकडे मान खाली घालून लिहीत होती.

सिप्रोसाने विचारलं, एकीकडे आहे म्हणता, एकीकडे नाही म्हणता, मग नेमकं काय आहे? मी म्हटलं, खिडकी ७ चं खातं वेगळं, ९ चं वेगळं. एका खिडकीने दुसरीत डोकावावं असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? ती म्हणाली, दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याला कायदा बुडवत नाही, नदी बुडवते. म्हणी सांगायला हिला बरा वेळ मिळतो.

तोबियासने डब्यांवरचं 'नॅनो' आमच्याच पॉलिशने काळं केलं. फार छान झाकलं गेलं. मालाचा दर्जा!

२ सप्टेंबर, मंगळवार

सेवा केंद्रातून बोलावणं आलं होतं. पेटंट मिळालं असं समजून नवा टाय घातला.

खिडकी ९ च्या गृहस्थाची बदली झालीय. आता दोन्ही खिडक्या क्विंटर सांभाळते. चाकाची खुर्ची आहे, सरकत जाते. तिने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. सही एक. खाली शाई सांडल्याचा डागही तसाच. तिने विचारलं, आजोबा, यातलं खोटं कोणतं?

मी म्हटलं, दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत. ती म्हणाली, जागा एकच आहे, मी बसलेय ती. शुक्रवारपर्यंत एक कागद मागे घ्या, नाहीतर दोन्ही वर जातील, आणि खोट्या शपथेला काय होतं ते वरचे सांगतील.

ब्युरेट फोडणारी पोरगी!

३ सप्टेंबर, बुधवार

निर्णय: खिडकी ९ चा कागद मागे घेणार. विक्री गेली तर गेली. पेटंट सोडणार नाही. अडतीस म्हणजे अडतीस. कोर्टात जाईन. पाट्यासकट जाईन. सिप्रोसाची साक्ष काढेन, सतरा तास.

दुपारी ३.३०

सिप्रोसाला साक्षीचं सांगितलं. ती हातातले तांदूळ निवडायची थांबली. म्हणाली, अवुओरचे बाबा, सतरा तास पाट्यावर कोण बसतं हो? मी अर्धा तास भुकटी वाटली आणि उरलेली गिरणीत टाकून आणली. आपल्या मक्याच्या आधी.

करडी उगाली.

मी ओरडलो. शेजारची कोंबडी उडाली. आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पाच महिने तुम्ही भिंतीकडे बघत बसला होतात, दाढीसुद्धा करत नव्हतात. त्या सोमवारी सकाळी उठून दाढी केलीत आणि गाणं म्हणालात. त्या गाण्यावर मी पाटा कसा मारू?

मी पाटा उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

४ सप्टेंबर, गुरुवार

सुचलं! गिरणी पाट्याहून जोरात फिरते. म्हणजे अडतीसपेक्षाही बारीक असेल. वीस असेल! धावत गिरणीत गेलो. गिरणीवाला म्हणाला, पीठ जाळीतून पडतं, जाळीहून बारीक किती ते जाळीला विचारा. जाळी काढायला लावली. भोक मोजलं. एक मिलिमीटर.

दहा लाख नॅनोमीटर.

गिरणीवाल्याने विचारलं, मका आणलाय का?

५ सप्टेंबर, शुक्रवार

ठरवून गेलो होतो की मान ताठ ठेवायची. खिडकीवर पोचून म्हणालो, चूक शाळेच्या सूक्ष्मदर्शकाची आहे, गिरणीवाल्याची आहे, माझ्या बायकोची आहे, आणि ज्या देशात उंदरांना... क्विंटरने चष्मा काढला. एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. म्हणाली, म्वालिमू, जे दिसलं तेच लिहा.

हे वाक्य माझं आहे. ब्युरेटच्या वेळी चारही वेळा मीच तिला म्हणालो होतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून ओळखत होती. आणि म्वालिमू! एकतीस वर्षांत मला कुणी म्हटलं नाही, ते आज म्हटलं, आणि तेही कधी!

माझ्यामागे रांग होती. मी लिहिलं: 'मला गोळे दिसले. मोठे होते. भिंगावर धूळ नव्हती. नॅनो मी पाहिलेलं नाही.' सही केली. कागद फडफडत होता, केंद्रातला पंखा फार जोरात असतो.

खिडकी ७ चा अर्ज मागे. खिडकी ९ ची परवानगी कायम. तिने विचारलं, पण म्वालिमू, चिखल खरंच चिकटत नाही का? मी म्हटलं, चाळीसपैकी एकतीस. तिने पर्समधून पैसे काढून एक डबी मागितली. मी नको म्हणत होतो, तिने घ्यायला लावले.

घरी आलो तेव्हा सिप्रोसा चुलीपाशी होती. तिने चहात न विचारता तीन चमचे घातले.

१५ डिसेंबर, सोमवार

विजय!

पेटंट कार्यालयाची छापील पत्रिका हाती आली. सरकारी. राजमुद्रा वर आहे. पान अठ्ठावीस, 'मागे घेतलेले अर्ज' या मथळ्याखाली, त्रेचाळिसावं नाव: ओगुटू, हबिल. किसुमू. पादत्राणांचा लेप. शोधक: तोच.

शोधक: तोच! संकल्प १ काय होता? सरकारी छापील कागद. शोधक म्हणून. वर्षअखेरीच्या आत. सोळा दिवस राखून पुरा केला. मथळ्यात काय लिहायचं हा त्यांचा प्रश्न आहे. अकरा ढाली पाहून घ्याव्यात कुणीही, असं नाव आहे का कुठे?

सहा प्रती मागवल्या. एक लेकीला, अवुओरला, एक चर्चला, एक शाळेच्या वाचनालयाला (स्टाफरूममधून दिसेल अशी ठेवा, असं सांगून), एक क्विंटरला, एक घरी. सिप्रोसाने नाव मोठ्याने वाचलं. परत वाचायला लावलं. परत वाचलं तिने.

सहावी तोबियासच्या स्टँडवर. त्याची गिऱ्हाइकं पॉलिश होईपर्यंत वर्तमानपत्र वाचतात. आता हे वाचतील.

१७ डिसेंबर, बुधवार. सकाळी ११.२०

सकाळपासून तोबियासच्या स्टँडसमोरच्या दगडावर बसून पाहतोय. पाऊस पडून गेलाय, गर्दी आहे. नऊ गिऱ्हाइकं आली. आठ जणांनी पत्रिका उचलून बाजूला ठेवली आणि फुटबॉलची बातमी मागितली.

नवव्याने उघडली. इस्त्रीची पँट, बहुधा बँकेतला. पान अठ्ठावीसच उघडलं. मी उभा राहिलो. तो वरून एकेक ओळ वाचत खाली येत होता, बोट लावून. तोबियास त्याच्या डाव्या बुटाला आमचंच पॉलिश लावत होता. बोट चाळिसावर आलं. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.

त्याने पान उलटलं.

मग उजवा बूट झाला. तो उतरला, चिखल ओलांडून गेला. बूट स्वच्छ होते, दोन्ही.

तोबियास म्हणाला, साहेब, चहा सांगू? मी हो म्हटलं. साखर एकच चमचा, म्हटलं.

उद्या लाल पेन घेऊन येतो. नावाखाली रेघ मारून ठेवतो.