शेततळ्याचं चित्र

लोणार, मंगळवार

आईला वृंदाचा नमस्कार.

मी सुखरूप आहे, जेवण वेळेवर होतं आणि जलरंगांच्या प्रवासवहीची अकरा पानं भरली. तुझे गुडघे कसे आहेत?

काल जवळच्या एका खेड्यात शेततळं रंगवत बसले होते. शेताच्या मालकीणबाई, पुष्पाबाई, बराच वेळ मागं उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "माही छकुली इथंच खेळे. तिलेबी काढता का, ताई?" पोर गेल्या वर्षी याच तळ्यात बुडाली, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या सांगत गेल्या तशी मी काठावर लाल फ्रॉकमधली मुलगी काढली. ती पाहताच त्या कळवळल्या, "पान्याजवळून मांगं घ्या तिले!"

आई, जलरंग खोडता येत नाही. ओल्या कुंचल्यानं मी तिला पुसलं आणि बांधावरच्या निंबाखाली पुन्हा काढलं. "आता बरं हाये," असं म्हणून त्या घराकडे वळल्या. पण पान वाळलं तेव्हा काठावर फिकट लाल डाग उरलाच होता. आज मला पुढचं पान रंगवता आलं नाही.

माझी ओवी तुझ्याजवळ मजेत आहे, हे ठाऊक आहे. तरी तिला मागच्या हौदाकडे एकटीला जाऊ देऊ नकोस.

तुझी,
वृंदा