निळ्या बैलाकडचा जावई

मनाउस, रविवार

बाबा, आधी आशीर्वाद द्या, मग पुढे वाचा.

मी मजेत आहे. बेकरीतलं काम छान चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे? तरीही जूनच्या उत्सवात आपल्या लाल बैलाच्या संघाच्या नाचाला ढोल वाजवणार म्हणे! आई रागावली नाही?

मला एक मुलगा आवडलाय. एवाल्दो. होडी चालवतो, मासे माझ्याहून छान भाजतो. आपल्याच गावचा, पारिन्तिन्सचा आहे, पण तुम्ही ज्यांचं नावही न घेता ‘समोरचे’ म्हणता, त्या निळ्या बैलाकडचा.

श्वास घ्या, बाबा.

मीही ओरडलेच, “अरे, आधी सांगायचंस ना!” तर म्हणतो, “तू लाल झगा घालून आलीस, तेव्हा मी पळालो का?”

उत्सवाला त्याला घरी आणतेय. पांढरा शर्ट घालेल. आपला लाल रंगवलेला फ्रीज पाहून हसणार नाही, अशी शपथ घेतलीय त्याने.

उत्सवातल्या स्पर्धेत निळा बैल मैदानात नाचतो तेव्हा आपण मुकाट बसतो. ब्र काढला तर आपलेच गुण कापतात. पण आपल्या दारात पंच नसतात, बाबा. एवाल्दो आला की शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त गप्प बसू नका.

अजूनही लाल रंगाचीच, तुमची
जुसेलिया