दुपारची आई

शनिवार, ता. २

पोहोचलो एकदाचे! दोन दिवसांचा प्रवास, सामानाचे सात डाग, आणि त्यातला एकही हरवला नाही. हे म्हणाले, मिशनला पाठवायच्या अहवालात पहिला चमत्कार म्हणून हाच लिहितो.

घर बघून मी हरखूनच गेले. शाळेच्या मागच्या अंगाला आहे, मध्ये फक्त फरशी घातलेलं अंगण. खाली बसायची खोली, स्वयंपाकघर आणि मागं एक लहानशी खोली. वर निजायची खोली. मागच्या खोलीला अंगणाकडे मोठी खिडकी आहे आणि बरोबर तिच्यासमोर शाळेच्या सभागृहाची खिडकी. म्हणजे मी तिकडे शिकवत असले तरी लेकीवर डोळा ठेवता येईल. ती खोली आपली खेळायची, असं लेकीनं परस्पर ठरवून टाकलं आणि सामान सुटायच्या आत तिथं भांडीकुंडी मांडलीसुद्धा. सात वर्षांची आहे, पण एका जागी टिकेल तर शपथ. म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. बाप्तिस्म्याचं नाव आता फक्त कागदावर उरलंय.

घराच्या आणि शाळेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एक वयस्क बाई आहेत. कमरेला हा एवढा जुडगा. भिंगरीनं आल्या आल्या त्यांची किल्लीमावशी करून टाकली. इथली भाषा मी सहा महिने पुस्तकावरून घोकली होती. मावशींनी काय विचारलं ते मला कळलं. मी काय उत्तर दिलं ते मात्र त्यांना कळलं नाही.

एकच खोट. वरच्या खोलीच्या दाराची मूठ नुसती गरगर फिरते, दार लागलं की आतून उघडतच नाही. आणि त्याच दाराच्या आतल्या बाजूला हाताच्या उंचीवर रंग पार खरवडून गेलाय. मी म्हटलं, आधीच्या मास्तरांकडे मांजर असणार. ह्यांनी विचारलं, एवढं उंच मांजर? दोघंही खूप हसलो. ह्यांनी सुताराला बोलवायचं कबूल केलंय.

रविवार, ता. ३

उपासनेला पन्नासेक माणसं होती. हे घाबरत घाबरत इथल्या भाषेत बोलले आणि कुणीही उठून गेलं नाही. दुपारी मी शब्बाथ शाळेत मुलांचा धडा घेतला. विषय होता दिलेला शब्द पाळणे. मुलं गोड आहेत. माझे उच्चार ऐकून फिदीफिदी हसतात, पण लपूनछपून.

संध्याकाळी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चहाला आल्या आणि गोड हसत माझं अख्खं आठवड्याचं वेळापत्रक हातात ठेवून गेल्या. सकाळी अठरा मुलांचा बालवर्ग. दुपारी सभागृहात मोठ्या मुलींना शिवण. त्यानंतर तिथंच गाण्याची तालीम, कारण शुक्रवारी पाहुणे येणार आणि बालवर्गानं त्यांच्यापुढं गायचं. भिंगरीची शाळा बाराला सुटते, माझं काम चारला. मधले चार तास ती घरी राहील आणि किल्लीमावशी येऊन-जाऊन असतील. हे म्हणाले, समोरासमोर खिडक्या आहेत, हाकेच्या अंतरावर तर आहे. खरंच आहे ते.

सोमवार, ता. ४

नाकी नऊ आले. अठरातली सहा मुलं रडत होती, एक बाकाखाली गेला तो निघेचना. दुपारी शिवणाच्या अकरा मुली आणि कात्र्या चार. तेवढ्यात समोरच्या खिडकीतून भिंगरीची हाक आली, आई, ये ना! मी ओरडले, आलेच! थोड्या वेळानं परत हाक. परत मी, आलेच हं! चारेक वेळा तरी असं झालं. मुलींना तो शब्द इतका आवडला की त्या सुईत दोरा ओवताना आपापसात आलेच, आलेच करू लागल्या.

चारला घरी गेले तेव्हा मनातून खजील होते. भिंगरी रुसलेली असणार, अशी तयारी ठेवली होती. पण स्वारी खुशीत! मी म्हटलं, चुकलं बाई माझं, येते येते म्हणून आलेच नाही. तर ती म्हणाली, आलीस की. किती वेळ बसली होतीस, पण बोलत का नव्हतीस?

खेळातलं बोलणं. एकटं पोर कुणाला तरी आई करून खेळणारच. तरी वाईट वाटलं. परक्यांच्या मुलांना ओव्या-गाणी शिकवायला समुद्र ओलांडून आले आणि माझी लेक रिकाम्या खुर्चीशी खेळते.

मंगळवार, ता. ५

रोज सकाळी मी भिंगरीच्या दोन वेण्या घालते. आज चारला घरी गेले तर एकच वेणी, ओल्या केसांची, इतकी आवळलेली की कपाळाची कातडी ताणली होती. मी रागावले. कुणी घातली म्हणून विचारलं. ती म्हणाली, तूच की! तू हाकेला ओ दिलीस, आलेच म्हणालीस आणि आलीस. तुझे हात गार होते आणि तू कंगवा उलटा धरलास.

किल्लीमावशींना विचारलं. त्या दिवसभर वर्गांच्या कुलपांना तेलपाणी करत होत्या, घराकडे फिरकल्याच नव्हत्या. वेणी सोडायला मला अर्धा तास लागला. गाठी माझ्या नव्हत्या.

बुधवार, ता. ६

आज मधल्या सुट्टीत किल्लीमावशी मुद्दाम माझ्याकडे आल्या. खिडकीतून मी जो शब्द ओरडते त्याचा अर्थ त्यांना हवा होता. मला बरंच वाटलं, शिकवायची संधी! शब्दशः अर्थ सांगितला, मी येऊन पोहोचले. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही तेव्हा तिथं गेलेल्या असता? मी म्हटलं, नाही हो, थोड्या वेळानं येईन असा अर्थ. मग तसंच का म्हणत नाही, असं त्यांनी विचारलं. मी हसून सांगितलं, आमच्यात सगळ्याच आया असं म्हणतात. चुलीवर काहीतरी करपत असतं, दारात कुणीतरी उभं असतं आणि पोर हाका मारत असतं. तेव्हा आलेच म्हटलं की पोराला धीर येतो.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही आले म्हणता आणि येत नाही, मग येतं कोण?

मग त्यांनी आधीच्या मास्तरीणबाईंचं सांगितलं. त्याही अशाच कामात बुडालेल्या, त्यांच्याही भाषेत असाच एक शब्द होता. ते कुटुंब गेलं तेव्हा मावशींनी स्वतः गाडीचं दार लावलं होतं. नवरा, दोन मुलं, बाई, सगळे बसले होते. बाईंनी हातसुद्धा हलवला. आणि त्यानंतर तीन दिवस वरच्या खोलीचं दार आतून कुणीतरी बडवत होतं. मावशींची छाती होईना. चौथ्या दिवशी उघडलं तर आत कोणी नव्हतं. नुसता रंग खरवडलेला.

रात्रीच्या जेवणात ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, इथल्या लोकांच्या मनातली भुतं काढायला आपण आलो, तूच त्यांची नवी भरती करू नकोस. हसले. मीही हसल्यासारखं केलं. सुतार अजून आलेला नाही.

गुरुवार, ता. ७

आज ठरवलं होतं, तो शब्द उच्चारायचा नाही. भिंगरीनं हाक मारली की हातातलं टाकून जायचं. दोनदा गेले. शिवणाच्या मुली चकित, पण जाऊ देत. दोन्ही वेळा भिंगरी एकटी होती आणि दोन्ही वेळा मला बघून तिचा चेहरा किंचित पडला. तो कसा पडला ते मी विसरू शकत नाही.

निजताना मला म्हणाली, दुपारची आई आज आली नाही. मी विचारलं, दुपारची आई कोण? म्हणाली, तूच, पण दुपारची. ती रागवत नाही. तिला काम नसतं. आता तिला बोलताही येतं, तुझ्यासारखं.

प्रार्थना केली, भिंगरीला कुशीत घेऊन केली. आमेन म्हणायच्या आधी ती झोपली.

खाली आले तर हे विचारतात, दोन वाजता माझ्या वर्गाच्या दारात तपकिरी शाल घेऊन उभी होतीस, काय हवं होतं? मी हात केला तर निघूनच गेलीस.

दोन वाजता मी अकरा मुलींसमोर होते. शाल पेटीत आहे. ह्यांच्यासमोरच पेटी उघडली.

पेटीत शाल नाही.

हे आता हसत नाहीत. उद्याचा कार्यक्रम झाला की मोठ्या बाईंच्या घरी राहायला जायचं ठरलंय. शनिवारी सकाळी शाळेची गाडी येईल. मी म्हटलं, आजच जाऊ. हे म्हणाले, पाहुणे आहेत, एक दिवस कळ काढ.

शुक्रवार, ता. ८

भिंगरीला माझ्याजवळच ठेवलं होतं. सभागृहात, पहिल्या रांगेत, माझ्या डोळ्यांसमोर. अठरा मुलं मंचावर, पाहुणे बसलेले, मी पेटी वाजवत होते. दुसऱ्या कडव्याला मान वर केली तर तिची खुर्ची रिकामी.

आणि अंगणापलीकडून हाक. आई, ये ना!

दोन्ही हात पेटीवर होते. अठरा तोंडं माझ्याकडे बघत होती. सात वर्षांची सवय. जीभ माझी नव्हतीच जणू—

आलेच!

कळलं तत्क्षणी. गाणं अर्धवट टाकून उठले. खिडकीतून समोर दिसलं. मागच्या खोलीत एक बाई पाठमोरी उभी. माझी शाल. खिडकी लावून घेत होती. अंबाडा माझ्यासारखा, अगदी माझ्यासारखा, आता गाठीसुद्धा बरोबर.

धावले. खोलीत भिंगरी एकटी. तिला घट्ट धरलं. ती अंग चोरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, नीट, बराच वेळ. मग विचारलं,

"तू सकाळची ना?"

हो म्हणाले. मी रडत होते. ती म्हणाली, दुपारची सांगत होती, उद्या आपण गाडीत बसून जाऊ. तिला आता सकाळीही येता येईल.

रात्र

तिघं खालीच बसलोय. दिवे लावून. भिंगरीचा हात माझ्या हातात. ह्यांचा हात तिच्या दुसऱ्या हातात. मी कशालाही ओ देत नाही. हे बोलले तरी मान हलवते.

शनिवार, ता. ९. सकाळ

गाडी आली. डाग चढले. हे भिंगरीला घेऊन अंगणात गेले. मी फक्त वर आले, ही वही आणि भिंगरीचं पांघरूण घ्यायला. एक मिनिटाचं काम. दार लागू नये म्हणून पाट लावून ठेवला होता.

पाट सरकला. दार लागलं.

मूठ फिरतेय. नुसती फिरतेय.

हाका मारल्या. ह्यांना, मावशींना. खाली कुणी मान वर करत नाही. खिडकी उघडत नाही, काच जाड आहे, तरी इतका आवाज— ऐकू यायला हवा.

लिहून ठेवते. मावशी दार उघडतील तेव्हा निदान ही वही— मी गेले नाही. कुणी काही सांगितलं तरी मी गेले नाही. मी इथं आहे.

भिंगरी हाक मारतेय. आई, चल ना!

ओठ आवळून धरलेत. म्हणायचं नाही. रक्त आलं तरी म्हणायचं नाही.

जिन्यात कुणीतरी

खाली उतरतंय. माझी चप्पल. माझी चाल.

आणि माझ्या आवाजात, घाईघाईनं, लाडानं—

आलेच हं!

खिडकीशी आहे. हे पुढं बसले. भिंगरी मागं. तिच्या शेजारी तपकिरी शाल. मावशी दार लावतायत— मावशी थबकल्या— वर बघतायत— नाही, खाली घातली मान. लावलं दार.

काच बडवतेय, एका हातानं. भिंगरीनं वर बघितलं. बघितलं मला! शेजारी वळून काहीतरी विचारलं. त्या बाईनंही वर बघितलं. हात हलवला, मी हलवते तसाच.

भिंगरीनंही हलवला.

गाडी सुरू झाली. भिंगरी, ती मी नाही, मी सकाळची, मी इथं— थांब बाळ, थांबा हो, आले, ही बघ आले, आलेच—