स्टार्टरच्या पेटीतल्या गोळ्या

वडवणी,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिवा,

राम राम, आणि सलाम.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडली की अम्मीचे गुडघे कुरकुरायला लागतात, ते लागलेत. इरम दुसरीत गेली, शाळेतून आली की मलाच पाढे म्हणायला लावते. आफ्रीनने तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं दिलंय, मोटारीबरोबर पाठवतोय. बरणी परत पाठव. बरणी परत पाठवायची तुमच्या घराण्याची रीत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

पत्र बघून हसू नकोस. तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॅपवर निळ्या खुणा उमटतात आणि साहेब गप्प. बोलून मेसेज पाठवावा तर तुझा फोन अंगणात सगळ्या घराला ऐकू जाईल असा वाजतो. शेवटी इरमची वही फाडली आणि बसलो. सातवीत मराठीला मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, विसरू नकोस.

आधी मोटारीचं. वाइंडिंग पार जळालं होतं, नवं भरलंय. तार चांगली तांब्याची टाकलीय. बेअरिंग ठीक होतं. कशानं जळाली ते पुढे सांगतो. हरभरा सुकायला लागला असेल, उद्याच पाणी चालू कर.

बीडहून आल्यापासून तू मला टाळतोयस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तू रिपोर्टच्या घड्या घालत घालत त्याचा चिठोरा केलास. एसटीत खिडकीला डोकं टेकून बसलास. उतरताना एवढंच म्हणालास, "कुणापाशी बोलायचं न्हाई बे साजिद. आफ्रीनवहिनीपाशीसुदिक न्हाई." मी नाही बोललो. पण तुझ्याशीही काही बोललो नाही, त्याचं मला वाईट वाटतं. त्या वेळी काही सुचलंच नाही.

आता सुचतंय ते ऐक. डॉक्टरांचं पहिलं वाक्य ऐकलं आणि तुझे कान बंद झाले. मी शेजारच्या खुर्चीत होतो, मी पुढचंही ऐकलं. कमी आहेत म्हणाले, अजिबात नाहीत असं म्हणाले नाहीत. तीन महिने गोळ्या, तंबाखू बंद, मग परत तपासणी. तेवढ्यानं नाही भागलं तर पुढचे उपाय आहेत म्हणाले. वचन त्यांनी दिलं नाही, मीही देत नाही. पण दार उघडं असताना तू बाहेर मांडी ठोकून का बसलायस?

मोटार द्यायला धुळाजीच्या टेम्पोत प्रियदर्शनीवहिनी आल्या होत्या, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

त्यांनी धुळाजीला चहा सांगायला पाठवलं आणि पदराची गाठ सोडली. आत काळी पडलेली गोळ्यांची पट्टी. "साजिदभाऊ, ह्या कशाच्या गोळ्या हायत?"

शिवा, अरे अख्ख्या रानात तुला दुसरी जागा सापडली नाही? स्टार्टरच्या पेटीत कोण गोळ्या लपवतं? तिथे कुणी हात घालणार नाही असं वाटलं तुला. मग पहाटे लाइट आली की मोटार चालू करायला कोण जातं? तुझी आई? वहिनीच जातात ना! पट्टीची चांदी तारेला लागली, एक फ्यूज उडाला, मोटार तीनऐवजी दोनच फेजवर गुरगुरत राहिली आणि जळून गेली. मूल व्हायच्या गोळ्यांनी मोटार जाळणारा तालुक्यात तू पहिलाच असशील. मला हसू येत होतं. मग पट्टी नीट बघितली. एकही गोळी कमी नव्हती. हसू गेलं.

मी मान खाली घालून पाना पुसत बसलो. वहिनीच बोलल्या.

"माझ्या समद्या तपासण्या नीट आल्यात. म्हंजे ह्या त्येंच्या. तुमी दोघं ट्रॅक्टरचा पार्ट आणायला बीडला गेलतात, आन् पार्टच न्हाई आणला. तवाच मनात आलतं माझ्या."

पार्ट! आपल्या दोघांच्या ध्यानातही आलं नाही. अशा अकलेवर आपण गुपित राखायला निघालो होतो.

आता जे लिहायचं मघापासून टाळतोय ते लिहितो. रविवारी उमापूरला तुझ्या बहिणीचं डोहाळजेवण आहे. तुझ्या आईनं, रतनकाकूंनी, वहिनींना सांगितलंय, तू नको येऊस, ओटी भरायला लेकुरवाळ्या बायका लागतात, तू घरी गुरांचं बघ. हे तुझ्या कानावर आलंय की नाही, मला माहीत नाही. आलं असेल तर ते आणखी वाईट.

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणले, बरं. आन् हेबी सांगितलं, की डॉक्टरनं दोष माझ्यातच काढलाय."

"का?"

"त्येंचं नाव गावात व्हायला नगं. मला बोलून घ्यायची सवय झालीय. त्येंला न्हाई सोसायचं. कवातरी आपणहून सांगतील मला, तवर थांबते."

शिवा, मला फार राग आला. काकूंचा नाही, तुझा. ती बाई तुझं झाकण्यासाठी स्वतःच्या अंगावर घेते, आणि तू तिच्यापासूनच गोळ्या लपवतोस. जाताना त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की तुला काही सांगायचं नाही. मी हो म्हणालो. म्हणजे तुलाही शब्द दिलेला आणि त्यांनाही. घर तुमचं आणि अपचन मला.

तुला कशाची भीती वाटते ते मला कळतं. पारावर कुणीतरी दात काढेल, मिशीवरून काही बोलेल. बोलू दे. अब्बा गेले तेव्हा आमच्या दारात सगळ्यात आधी तू आलास, खांदा दिलास, चाळीसाव्या दिवसापर्यंत रोज येऊन अम्मीजवळ बसलास. एका रिपोर्टनं तो माणूस कमी होत नाही. माझा तू भाऊ आहेस आणि मला तुझी काळजी वाटते, हे तोंडावर बोलायला जीभ वळत नाही, म्हणून लिहितोय.

रविवारच्या आधी काकूंना सांग. लांबण लावू नकोस. "आई, माझ्यात हाय, तिच्यात न्हाई, आन् उमापूरला ती येणार," एवढंच. एकट्याच्यानं होत नसेल तर निरोप दे, अम्मीला घेऊन येतो. ती बोलायला लागली की काकू निमूट ऐकतात, तुला माहीतच आहे. काकू रडतील, दोन दिवस जेवणार नाहीत, मग जेवतील. त्या वाईट नाहीत, त्यांना खरं कुणी सांगितलेलंच नाही.

आणि तंबाखू सोड. मीही परवापासून मावा बंद केलाय. दिवसभर बडीशेप चघळतोय, गिऱ्हाइकांवर खेकसतोय. आफ्रीन विचारते, काय झालं? काय सांगू तिला? तुझ्यासोबत मीही. तीन महिने तर तीन महिने.

बाहेर टेम्पोत मोटार चढवतायत, आवरतं घेतो. मोटार न्यायलाही वहिनीच आल्यात, पुढच्या सीटवर बसल्यात. हे पाकीट त्यांच्याच हातात देणार आहे, मोटारीविषयी लिहिलंय असं सांगून. आत गोळ्यांची नवी पट्टी टाकलीय. वाटेत त्यांच्या बोटांना ती लागेलच. लागू दे.

मोटार विहिरीत सोडायला गडी बोलावू नकोस. वर काढताना ठीक होतं, सोडताना दोघं पुरतात. कप्पीवरून दोर टाक, एकीकडून तू धर, एकीकडून वहिनींना धरू दे. दोराला हात लावायच्या आधी, तिथेच विहिरीवर, त्यांच्यासमोर पहिली गोळी घे. बाकी तुला काही बोलायला लागणार नाही. त्या वाटच बघतायत.

पार्ट अजून आणायचाच आहे. पुढच्या वेळी बीडला जाऊ तेव्हा वहिनींनाही घे. एकाला तरी आठवण राहील.

तुम्हा दोघांचाही शब्द आज मोडणारा,
तुझा
साजिद