रेघेपुढचं नाव

२२ ऑगस्ट, ब्रह्मा घाट

आले एकदाची काशीला. नद्या मोजायची नोकरी करणाऱ्या मुलीला आईने गंगेचं पाणी आणायला रिकामी बाटली दिली, याचं मला वाटेत दोनदा हसू आलं.

काम मोठं आहे. भारत, नेपाळ आणि बांगलादेश मिळून पुराचा इशारा देणार, त्यासाठी तिन्ही देशांत पाण्याची उंची मोजायची पद्धत एक हवी. ती मी बसवायची. नेपाळचं पाणी काशीला येत नाही, ते खाली बिहारात गंगेला मिळतं. पण मोजपट्टी वेगळी असली तर वरच्याने मारलेली हाक खालच्याला कळत नाही.

खोली ढुंढिराजशास्त्रींच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. शास्त्रीबुवा पूर्वी वेदपाठशाळेत शिकवायचे, आता त्यांना ऐकू कमी येतं. घर त्यांची सून सुरुची चालवते. ती शाळेत गणित शिकवते. पिढ्यान्‌पिढ्या इथलीच माणसं, मराठी घरापुरती. मला म्हणाली, पानी गरम ठेवलंय, आरामसे ये. संध्याकाळी आमटीत कचोरी बुडवून खाल्ली. मी इथे लठ्ठ होणार.

२५ ऑगस्ट

घबाड सापडलं. मागच्या दारातून नदीपर्यंत दगडी जिना उतरतो, त्याच्या भिंतीवर गेरूच्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेपुढे साल आणि नाव. १९४८ श्रीराम. १९७८ बिंदुमाधव. २०१३ निनाद. म्हणजे पुराची नोंद, आणि ती घेणाऱ्याचं नावही. सही करा म्हणून आमच्या इंजिनियरांच्या हातापाया पडावं लागतं, इथे लोक आपणहून करत आलेत.

सुरुचीला विचारलं. बाढ़ उतरली की घरचे लिहितात, एवढं म्हणून ती आत गेली. दमली असावी.

२७ ऑगस्ट

नियम लिहून टाकला. गावच्या निरीक्षकाने भिंतीवर धोक्याची रेघ मारायची आणि पुढे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायचं. नाव लिहिलं की माणूस रेघेकडे लक्ष ठेवतो. कल्पना या घराची, पण चोरी चांगल्या कामासाठी आहे.

सकाळी शास्त्रीबुवा आणि सुरुची संकठादेवीच्या देवळात गेली होती. तेवढ्यात नमुना म्हणून आमच्याच जिन्यावर, पाण्याच्या सात पायऱ्या वर, पिवळ्या ऑइलपेंटने रेघ ओढली आणि पुढे ठसठशीत लिहिलं, ऋता ओगले. फोटो कुशलला पाठवला. काठमांडूचं काम तो बघतो. त्याला पद्धत इतकी आवडली की तराईतल्या चाळीस गावांत लगेच सुरू करतो म्हणाला. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये आधी स्वतःचंच नाव लिहिणार आहे. इतकं झटपट काम तीन सरकारांत कधी झालं नसेल.

३१ ऑगस्ट

सुरुचीने माझं नाव पाहिलं. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन ती तासभर घासत बसली. बोटं सोलवटली तिची. रंग तसूभर गेला नाही. मी चिडले, म्हटलं हे कामाचं आहे, विचारायचं तरी. ती एवढंच म्हणाली, नाव पहले नाही लिहत, ऋता. मग तिच्या हाताला हळद लावली.

५ सप्टेंबर

चाळीसही गावं झाली. कुशल खूश आहे.

इथे मात्र काहीतरी चुकतंय. प्रयागराजहून रोज पाणी उतरल्याचे आकडे येतात. नावाडी तेच सांगतात. शेजारच्या जिन्यावर चिखल वाळून भेगा पडल्यात. आमच्या जिन्यावर पाणी चार पायऱ्या चढलंय. यंत्र तीनदा तपासलं. यंत्र बरोबर आहे.

८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. गच्चीवर शास्त्रीबुवा तर्पण करत होते. मी कपडे वाळत घालत होते. नावं कानावर पडली. श्रीराम. बिंदुमाधव. शेवटी निनाद.

निनाद सुरुचीचा नवरा. रेघेपुढची नावं पूर मोजणाऱ्यांची नाहीतच. ती पुराने नेलेल्यांची आहेत. सुरुचीने आज सगळं सांगितलं. पाणी उतरलं की रेघ ओढून गेलेल्याचं नाव लिहायचं, म्हणजे नदीला तिचा वाटा पोचल्याची पावती. आधी नाव लिहिलं तर ती वाटा घ्यायला येते. लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने, पाणी टेकायच्या आत, खरवडलं तरच सुटका.

मी हसले. विज्ञान शिकलेल्या बाईने हसायचंच असतं. पाणी आता पाचव्या पायरीवर आहे.

११ सप्टेंबर, सकाळी

कुशलचा फोन. तराईतला एक निरीक्षक अंगणात मेलेला सापडला. छातीत पाणी. गावात पूर नाही, पाऊसही नाही. भिंत मात्र त्याच्या रेघेपर्यंत ओली.

त्याची रेघ सगळ्यात खाली होती. बाकीच्या गावांतही भिंती खालून ओल्या होत चालल्यात. कुशल म्हणतो, ओल असेल.

म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. मी चाळीस गावांचे हात दाखवले.

दुपारी बारा

ऑफिसात साहेबांना फोन केला, नावं पुसायचा आदेश काढा म्हटलं. तीन देशांच्या समितीने ठरवलेली पद्धत आहे, सोमवारी बैठकीत विषय घेऊ, असं उत्तर आलं. आज गुरुवार.

पाणी माझ्या नावाच्या एक पायरी खाली. सुरुचीने छिन्नी-हातोडी आणून हातात दिली. आधी अपना नाव काढ, म्हणाली. दगडात मुरलेला रंग आहे, तास-दीड तास जाईल. माझ्याकडे एकोणचाळीस फोन नंबर आहेत. निरीक्षकांच्या अर्जात फोनचा रकाना मीच घालायला लावला होता.

छिन्नी खाली ठेवली. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू. आईची बाटली खिडकीत आहे, अजून रिकामीच.

दीड

यादी याच वहीत आहे, एकेकाला फोन लावून इथेच खुणा करतेय. हिंदी समजते त्यांना. सांगतेय, साहेबांचं ऐकू नका, स्वतःच्या हाताने, आत्ता, विळ्याने, दगडाने. एक अंगणवाडीची बाई रडायला लागली. पण खरवडलं तिने. भिंत सुकली म्हणाली.

सतरा झाले.

पावणेतीन

एकोणतीस.

सुरुची जिन्यावर बसून पाणी किती चढलं ते ओरडून सांगतेय. चार बोटं राहिली.

अडतीस— एकाचा लागत नाही— लागला. एकोणचाळीस.

आता कुशल. शेवटचा. हसतोय. तू पण ना, म्हणतो—

आता हसत नाही. हॉलमध्ये पाणी कुठून आलं, विचारतोय. घोट्यापर्यंत. छिन्नी नाही त्याच्याकडे. किल्लीने खरवड म्हटलं—

खालून सुरुचीचा आवाज बंद झाला.

पहिलं अक्षर गेलं म्हणतो. माझी चप्पल— चप्पल खोलीत तरंगतेय. तिसऱ्या मजल्यावर. बाटली भरली—

कुशल, थांबू नकोस, अजून दोन अक्षरं, फोन ठेवू न—