धुक्यातली व्हॅन

मंगळवार, डिसेंबर. संध्याकाळ.

चिडचिड अजून उतरलेली नाही. आज माझ्या सईला शाळेत पहिला तास वर्गाबाहेर उभं केलं. सहावीतली पोर, एवढ्या थंडीत, व्हरांड्यात! का, तर व्हॅन उशिरा पोचली. हुपरीपासून कोल्हापूरपर्यंत धुकं इतकं दाट, की पुढची उसाची ट्रॉली दिसत नव्हती. त्यात सईचा काय दोष?

दुपारी मुख्याध्यापिकांचाच फोन आला, म्हणाल्या, "व्हॅनवाल्याला लवकर निघायला सांगा." लवकर म्हणजे अंधारात? धुकं आहे तोवर शाळा उशिरा भरवता येत नाही? म्हणे, वरून आदेश नाही. आणि ट्रॉलीला मागं लाल दिवा लावायला कुणाचा आदेश लागतो?

राग निघाला तो व्हॅनवाल्या सदामामांवर. सईला दारात सोडायला आले, तेव्हा मी त्यांना नको ते बोलले. "बैलगाडी हाकताय का मामा? तुमच्यामुळं पोरगी व्हरांड्यात उभी राहिली."

मामा म्हणाले, "चुकलं, वहिनी. उद्या जरा जोरात मारतो की."

त्या धुक्यात, पोरं भरलेली गाडी, जोरात? मी हेच मागत होते का? व्हॅन वळत होती, धावत जाऊन थांबवली.

"नको मामा. आजच्यासारखीच हळू चालवा. उशीर होऊ दे."

"आन् शाळेत काय सांगू?"

"सांगायला मीच येते उद्या, तुमच्याच गाडीतून."

आई शाळेत भांडायला येणार म्हणून सई रुसून बसलीय. रुसू दे. धड घरी तर आली.